शून्य तक्रारी आणि आपली सही



दर जानेवारीत माझ्यापुढे एक कागद सहीसाठी येतो. पुण्याजवळ हिंजवडीत एक मोठी कंपनी आहे. पाच-सहा हजार माणसं तिथं काम करतात. त्या कंपनीच्या ‘अंतर्गत समिती’चा तो वार्षिक अहवाल असतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, हे आपल्या वाचक मैत्रिणींना माहीत आहेच. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथं मालकानं अशी समिती नेमायची. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असायला हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, आणि एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या प्रश्नाची जाण असलेली हवी. या कंपनीतली ही बाहेरची सदस्य म्हणजे मी.

पहिली दोन वर्षं या कागदावर ‘वर्षभरात आलेल्या तक्रारी’ या रकान्यात शून्य होतं. दोन्ही वेळा मी सही केली. खरं सांगायचं तर सही करताना जरा बरंही वाटलं होतं. एवढी माणसं, एवढ्या मुली, आणि एकही तक्रार नाही! तिसऱ्या वर्षी मात्र मला त्या शून्याची लाज वाटली. ती का वाटली आणि त्यापुढे काय झालं, ते आज मोकळेपणानं सांगायचं आहे, कारण आपल्यापैकी अनेकजणी आता अशा समित्यांवर आहेत.

समोरचं गेट, मागचं गेट

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा आमच्या वर्गाचे सरळ दोन भाग पडले. काहीजणी वस्तीत, समुपदेशन केंद्रात आलो. बऱ्याचजणी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात गेल्या. शिकताना पेपर मात्र एकच होता, कामगार कल्याण. ज्या मैत्रिणीच्या वहीवरून मी कारखाना कायद्यातली कलमं पाठ केली, तीच आज या कंपनीत मोठ्या पदावर आहे. तिनंच मला फोन केला, “अगं, समितीवर बाहेरची सदस्य हवीय. तू ये. आपलं माणूस असलं की बरं पडतं.” तेव्हा मी हसले होते. ‘आपलं माणूस’ म्हणजे कुणाचं, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

बैठक असली की कंपनीची गाडी घ्यायला येते. मोठ्या गेटमधून आत, पाहुण्यांचं कार्ड गळ्यात, लिफ्टनं थेट सहावा मजला. थंडगार खोली, काजू-बदाम, पाण्याच्या बाटल्या. कायद्याखालच्या नियमांत बाहेरच्या सदस्याला बैठकीच्या दिवसाचे २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढंच नमूद आहे. कंपन्या मात्र त्याच्या कितीतरी पट देतात. हे पैसे मी केंद्राच्या खात्यात भरते. त्यातून केंद्राचं वीजबिल भागतं आणि भाड्यालाही हातभार लागतो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे त्यात या पैशांचाही संबंध आहे.

दोन वर्षांत त्या इमारतीतल्या एकाही सफाई कामगार बाईशी मी बोलले नव्हते. बैठक संपली की चहाचे कप उचलायला एक बाई यायची. सगळे तिला ‘मावशी’ म्हणायचे. मीही म्हणायचे. मावशी म्हणायचं आणि नाव विचारायचं नाही, अशी तिथली रीत.

अक्का भेटल्या त्या दिवशी

नंतर एकदा आमच्या केंद्रात थेरगावच्या एका वस्तीतून एक बाई लेकीला घेऊन आल्या. लेकीला नवरा मारत होता, त्यासाठी आल्या होत्या. मी त्यांना इथं अक्का म्हणते. मूळच्या लातूरकडच्या, चाळिशीच्या. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लेकीची माहिती लिहून घेताना मी सवयीनं विचारलं, “अक्का, तुम्ही काय काम करता?” त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं. माझीच कंपनी! हाउसकीपिंगला तीन वर्षं होत्या. मी म्हटलं, “अहो, मी येते की तिथं.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही येता? कधी दिसला न्हाई तुम्ही.”

कशी दिसणार? त्या मागच्या गेटनं आत जात. त्यांची लिफ्ट वेगळी, डबा खायची जागा तळघरात जिन्याखाली. बाहेर पडताना पिशवीची झडती. गळ्यातल्या पट्ट्याचा रंगही वेगळा, म्हणजे लांबूनच कळावं की ही कंपनीची नाही, कंत्राटदाराची.

“आता नाही जात का?” असं मी विचारलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग हळूहळू बोलल्या. कंत्राटदाराचा सुपरवायझर होता. हजेरी त्याच्या हातात, साप्ताहिक सुट्टी त्याच्या हातात, कुणाला कुठल्या मजल्यावर टाकायचं तेही त्याच्याच हातात. रजा मागितली की “स्टोअरमध्ये ये, बोलू” म्हणायचा. फिनेलचे कॅन ठेवतात ती खिडकी नसलेली खोली. अक्का एकदा गेल्या, पुन्हा गेल्या नाहीत. त्यांनी रजा मागणंच बंद केलं. तरी तो थांबेना, तेव्हा एके दिवशी चारचौघींसमोर त्याला मोठ्यानं बोलल्या. पंधरा दिवसांत त्यांची ‘साइट बदलली’. नवी साइट चाकणच्या बाजूला, दोन बस बदलून जायची, पहाटे साडेचारला घर सोडायचं. महिनाभर केलं, मग सोडलं. “काढलं न्हाई ताई मला,” त्या म्हणाल्या, “मीच सोडलं, असं लिहून घेतलं.”

मी विचारलं, “समितीकडे का नाही आलात? तिथं बोर्ड लावला आहे, नावं आहेत, माझंही नाव आहे.”

“कंचा बोर्ड?”

मी वर्णन केलं. चौथ्या मजल्यावर, कॉफीच्या मशीनशेजारी, निळा.

“त्यो व्हय! रोज त्याच्या खालची फरशी पुसायची मी. काच बी पुसायची त्याची. कशाचा हाय ते कुणी सांगितलंच न्हाई.”

बोर्ड इंग्रजीत होता.

मी हिशेब केला. शेवटची घटना घडून आठ महिने होत आले होते. कायद्यानं तक्रार तीन महिन्यांत करायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. त्यापुढे समितीचा दरवाजा बंद. पोलिसांत जाता येईल, आम्ही सोबत येऊ, असं मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, “आता पोरीचं बघा. माझं झालं ते झालं.”

त्या आठ महिन्यांच्या मध्येच कुठेतरी जानेवारी महिना येऊन गेला होता. त्या जानेवारीत मी शून्यावर सही केली होती.

कायदा आला कुठून?

मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “वाईट झालं गं. पण ती आमची एम्प्लॉयीच नाही. व्हेंडरची आहे. व्हेंडरची त्यांची वेगळी समिती असेल ना.”

हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. म्हणून कायद्यात काय आहे ते नीट सांगते. २०१३ च्या कायद्यातली ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, थेट नेमलेली किंवा कंत्राटदारामार्फत आलेली, मग मुख्य मालकाला ती माहीत असो वा नसो, पगारी असो वा बिनपगारी, शिकाऊ, उमेदवार, सगळ्या त्यात येतात. घटना त्या इमारतीत घडली, तर त्या इमारतीतल्या समितीला ‘ती आमची नाही’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. कंपनीनं दिलेली गाडीसुद्धा कायद्यानं कामाची जागाच आहे.

व्याख्या इतकी रुंद का आहे? हा कायदा काही कंपन्यांच्या चांगुलपणातून आलेला नाही. राजस्थानात भटेरी गावची भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होती. सरकारी नोकर नव्हे, मानधनावरची कार्यकर्ती. बालविवाह थांबवायचं काम तिनं नेमून दिल्याप्रमाणे केलं, म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींची बलात्काराच्या आरोपातून सुटका केली. काम करताना जे घडलं त्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर नाही का, हा सवाल घेऊन स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. त्याची अंमलबजावणी होईना म्हणून पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी वर्षानुवर्षं न्यायालयात पाठपुरावा केला. त्या प्रकरणाचा निकाल २०१२ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला.

म्हणजे ज्या बाईमुळे हा कायदा आला, तिच्याकडेही कायम नोकरीचं पत्र नव्हतं. आज मात्र तोच कायदा काचेच्या इमारतीत कार्डवाल्यांपुरता उरला आहे आणि गेटपासवाली बाई त्याच्याखालची फरशी पुसते आहे.

कार्डवाल्यांचं तरी काय?

इथं कुणाला वाटेल की कायम नोकरीतल्या मुलींचं बरं चाललं आहे. तसंही नाही. मोठ्या कंपनीत अनुभव विचारले जातात, अगदी भरपूर विचारले जातात. दर सहा महिन्यांनी प्रश्नावली येते, ‘तुम्ही इथं आनंदी आहात का, एक ते पाचमध्ये उत्तर द्या’. नोकरी सोडताना मुलाखत होते. पण हे विचारणं नेहमी एकेकीलाच. प्रत्येकीनं आपल्या पडद्यासमोर एकटीनं बसून उत्तर द्यायचं. शेजारच्या टेबलावरची काय उत्तर देते ते कळत नाही. वर्षाअखेरीस तिची आणि आपली एकाच तक्त्यात तुलना होणार असते, म्हणून विचारावंसंही वाटत नाही.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका अभियंता मैत्रिणीनं सांगितलं, बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा तिचं काम दुसऱ्याला दिलेलं होतं. तीन महिने काम नाही, मग ‘कामगिरी कमी’ म्हणून खालचा शेरा. रजेचे २६ आठवडे तिला कायद्यानं मिळाले, परतण्याची जागा मात्र मिळाली नाही. तिनं राजीनाम्यात काय लिहिलं? ‘वैयक्तिक कारणास्तव’. तसंच लिहायचं असतं, नाहीतर पुढच्या नोकरीत अडचण येते.

रात्रपाळीचं बघा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या संरक्षणाची, ने-आण करण्याची जबाबदारी मालकावर येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही संमतीची अट आहे. रात्री काम करण्याचा हक्क आपणही मागितला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही संमती घेतात कशी? नोकरीच्या पहिल्या दिवशी सह्या करायचा कागदांचा गठ्ठा पुढे येतो, त्यातच तो एक कागद असतो. नोकरी हवी असलेल्या मुलीनं त्या दिवशी ‘नाही’ म्हणायचं कसं?

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीत जेमतेम चार महिने नोकरी केलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. मुलगी जुलैत गेली होती. कामाच्या ओझ्यानं ती गेली असं आईचं म्हणणं होतं, कंपनीनं ते मान्य केलं नाही. माझं लक्ष गेलं ते वेगळ्या गोष्टीकडे. पत्र बाहेर आल्यावर कितीतरी मुलामुलींनी ‘माझंही असंच झालं’ असं लिहिलं. इतके दिवस ते कुठं होते? तेही शून्यातच होते.

‘जे खासगी ते राजकीय’ हे आपण शिबिरांमधून किती वेळा म्हटलं आहे! नवऱ्याची मारहाण ही घरातली बाब नाही, हे समाजाला पटवायला आपल्याला किती वर्षं लागली. कंपनीनं तेच जुनं कुलूप नव्या दाराला लावलं आहे. अक्कांचं ‘मीच सोडलं’ आणि अभियंता मैत्रिणीचं ‘वैयक्तिक कारणास्तव’ यात फरक फक्त भाषेचा आहे. दोघींचा अनुभव कागदावर येता येता त्यांचा स्वतःचा निर्णय होऊन बसला आणि कंपनी त्यातून अलगद बाहेर पडली.

तळघरातला एक तास

मी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मागितल्या. बोर्ड मराठी आणि हिंदीत लावा, तोही तळघरात, बायकांच्या खोलीत आणि मागच्या गेटवर. कंत्राटी बायकांसाठी दर तीन महिन्यांनी एक तासाची बैठक घ्या, कामाच्या वेळात, पगार न कापता आणि सुपरवायझरशिवाय. आणि कंत्राटदाराबरोबरच्या करारात लिहा की तक्रार करणाऱ्या किंवा साक्ष देणाऱ्या बाईची साइट समितीला विचारल्याशिवाय बदलायची नाही.

पहिल्या गोष्टीला लगेच हो आलं. दुसरीला चार महिने लागले. तिसरी ‘कायदेशीर विभागाकडे’ आहे, अजूनही.

तळघरातली पहिली बैठक मी विसरणार नाही. साठेक बायका होत्या. कुणी बोलेना. मी कायदा सांगितला, कलमं सांगितली, तरी शांतता. शेवटी मी गप्प बसले आणि विचारलं, “डबा खायला वेळ किती मिळतो?” मग जो आवाज सुरू झाला तो तास संपला तरी थांबेना. वीस मिनिटं, त्यात जिना. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला जागा नाही, वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह धुवायचं पण वापरायचं नाही. हे काही लैंगिक छळाच्या व्याख्येत बसणारं नव्हतं. पण ज्या बाईला स्वच्छतागृह वापरायची मुभा नाही, ती स्टोअरमधल्या प्रकाराबद्दल तक्रार करील अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची?

त्यानंतरच्या काळात समितीकडे काही तक्रारी आल्या. त्यांच्याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. कायद्याच्या कलम १६ नं तक्रार, नावं, चौकशी सगळं गुप्त ठेवायचं बंधन घातलं आहे आणि ते योग्यच आहे. एवढंच सांगते की रकान्यात आता शून्य नाही.

आणि गंमत पाहा! शून्य होतं तेव्हा कुणी मला काही विचारलं नाही. शून्य गेलं तेव्हा वरून विचारणा झाली, “अचानक तक्रारी कशा वाढल्या?” जणू मी तक्रारी बरोबर घेऊन आले होते. मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “अगं, २०२५ पासून संचालकांच्या वार्षिक अहवालात तक्रारींचा आकडा छापावा लागतो. किती आल्या, किती मिटवल्या, ९० दिवसांच्या वर किती राहिल्या. बाकीच्या कंपन्यांचं शून्य असतं आणि आमचंच दिसतं. मला काय उत्तर द्यायचं ते सांग. मलाही वर्षाचा शेरा मिळतो.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आला नाही. तीही त्या कंपनीतली एक नोकरदार बाईच आहे, आणि ‘तुमच्या विभागात तक्रारी वाढल्या’ हा शेरा कुणी तिच्या नावावर लिहिला तर ती कुठल्या समितीकडे जाणार?

मग आपण तिथं बसायचं की नाही?

चळवळीतल्या काही जुन्या मैत्रिणींचं म्हणणं आहे की हे सगळं सोडून दे. मालक नेमणार, मालक पैसे देणार, तीन वर्षांच्या आत मुदत संपणार, पुन्हा नेमायचं की नाही हे मालकच ठरवणार. ज्याच्या घरात तंटा, त्यानंच पंच निवडायचा! आपण तिथं शोभेच्या बाहुल्या होऊन बसतो आणि त्यांचा कागद पूर्ण होतो. हे म्हणणं खोटं नाही. दोन वर्षं मी तेच केलं.

तरीही मला वाटतं, जागा सोडू नये. ती जागा आपल्या लढ्यानं मिळवलेली आहे. विशाखा निकालात बाहेरच्या सदस्याची अट का घातली होती? वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून. आपण उठलो तर तिथं बसायला माणसं तयार आहेत. आता यासाठी व्यावसायिक सल्लागार मिळतात. एकेक जण कितीतरी कंपन्यांच्या समित्यांवर असतो, प्रशिक्षणाची चित्रफीत विकतो आणि शून्याची हमी देतो.

पण बसायचं तर काही अटी घालून बसू या. मी माझ्यापुरत्या या ठरवल्या आहेत, तुम्ही भर घाला.

१. नेमणूक स्वीकारण्याआधी मागच्या गेटनं एकदा आत जायचं. कंत्राटी बायका किती, कुठल्या कंत्राटदाराच्या, त्यांच्याशी कोण बोलतं, हे आधी विचारायचं.

२. बोर्ड तिथल्या बायकांना वाचता येणाऱ्या भाषेत आहे ना ते स्वतः पाहायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी बैठक घ्यायची. बोर्डावर समितीच्या सदस्याचा फोन नंबर असलाच पाहिजे.

३. वार्षिक अहवालात कायम आणि कंत्राटी बायकांच्या तक्रारींचे आकडे वेगळे मागायचे. कायद्याच्या नियमांत असा वेगळा रकाना नाही, म्हणून जोडपत्र लावायचं. एकत्र आकड्यात कंत्राटी बाई दिसतच नाही.

४. वर्षभरात किती कंत्राटी बायकांची साइट बदलली आणि का, ही यादी समितीपुढे मागायची. छळाची पहिली खूण बहुतेक वेळा तिथंच सापडते.

५. मानधन संस्थेच्या खात्यात घ्यायचं, आणि उद्या ते बंद झालं तरी केंद्र चाललं पाहिजे, एवढी काळजी आधीच घ्यायची. कंपनीच्या पैशावर आपला दिवा लागत असेल तर सही करताना हात जड होतो. हे मी अनुभवानं सांगते.

मालकच समिती नेमतो हा कायद्यातला मोठा दोष आहे आणि तो बदलायची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. बाहेरची सदस्य जिल्हा पातळीवरच्या यादीतून, मालकाच्या मर्जीबाहेर नेमली जावी. तक्रारीची मुदत तीन महिन्यांवरून वाढावी. अक्कांसारख्या बाईला लेकीचं निमित्त होईपर्यंत बोलायला आठ महिने लागले. मे २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींबद्दल चिंता व्यक्त केली आणि समित्या खरोखर आहेत का ते तपासायला सांगितलं. पण समिती कागदावर असणं आणि बाईला ती आपली वाटणं, यातलं अंतर न्यायालय तपासू शकत नाही. ते काम आपलं आहे.

गेल्या जानेवारीत अहवाल समोर आला तेव्हा मी सहीखाली दोन ओळी लिहिल्या. पहिल्या दोन वर्षांतल्या ‘शून्य’ आकड्यावर विसंबू नये, कारण त्या काळात कंत्राटी स्त्रियांना समितीची माहिती दिलेली नव्हती. मैत्रिणीनं त्या ओळी वाचल्या, काही बोलली नाही, कागद फाईलला लावला. खोडायला सांगितलं नाही, हे मी तिच्या बाजूनं नोंदवते.

माझी मुदत संपायला आता चार महिने उरले आहेत. पुन्हा नेमतील असं वाटत नाही. त्याआधी तळघरात आणखी एक बैठक होईल. तिथल्या दोन बायका आता बाकीच्यांना स्वतःच कायदा सांगतात, कलम न सांगता, पण बरोबर सांगतात. अक्कांना दुसरीकडे, एका शाळेत काम मिळालं आहे. लेक सध्या त्यांच्याकडेच असते.

तुमच्यापैकी कितीजणी अशा समित्यांवर आहेत? तुमच्या रकान्यात काय आकडा आहे? जरूर कळवा. पुढचा अंक निघायच्या आधी आमच्या केंद्रात एक दिवस एकत्र बसू या. गुप्तता पाळून, नावं न घेता. डबा आपापला आणायचा, चहा आमच्याकडे.